टेक्स्चर ३० अंशांत फिरवले की दगडांचे सांधे काटकोनात का राहत नाहीत? (लिंबच्या विहिरीचे मॉडेल)

प्रश्न : अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. प्रकल्प म्हणून लिंब गावातील बारा मोटांच्या विहिरीचे त्रिमितीय मॉडेल करत आहे, जे ब्राउझरमध्ये फिरून पाहता येईल. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधलेली ही अष्टकोनी विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की तिचे देखणेपण घडीव काळ्या दगडाच्या थरांत आहे, आणि तेच थर पडद्यावर बिघडले तर मॉडेलमध्ये पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. मॉडेल ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार केले असून ते दाखवण्यासाठी थ्री.जेएस हे जावास्क्रिप्टचे ग्रंथालय (लायब्ररी) वापरले आहे.

प्रत्येक बाजू मी २० फूट रुंद आणि ६० फूट उंच असा एक सपाट आयत धरली आहे. ही मापे माझ्या मॉडेलची आहेत, मूळ वास्तूची नव्हेत. भिंतीच्या ५ फूट बाय ५ फूट भागाचे समोरून घेतलेले छायाचित्र २०४८ बाय २०४८ पिक्सेलच्या चौरसात कापून घेतले आहे; भिंतीवर चढवायचे हे चित्र म्हणजेच माझे टेक्स्चर. आयताच्या चारही कोपऱ्यांचे यू आणि व्ही निर्देशक (चित्रातली आडवी आणि उभी जागा सांगणाऱ्या संख्या) ब्लेंडरने ० ते १ असे दिलेले आहेत.

पहिला गोंधळ मापाचा झाला. चित्र लहान करून भिंतीवर अनेकदा यावे म्हणून मी रिपीटची किंमत ०.२५ आणि ०.०८३ ठेवली, तेव्हा एकच दगड अख्खी भिंत व्यापून बसला. किंमत ४ आणि १२ केली तेव्हा चित्र लहान झाले खरे, पण ते एका कोपऱ्यात एकदाच उमटले आणि उरलेल्या भिंतीवर कडेच्या पिक्सेलचे रंग ओघळल्यासारखे पट्टे दिसले. रॅपिंगचा पर्याय बदलून रिपीट-रॅपिंग केल्यावर पट्टे गेले, मात्र ४ ने ‘वाढवल्यावर’ चित्र लहान का होते, हे मला अजून नीट समजलेले नाही.

खरी अडचण पुढची आहे. पायऱ्यांच्या बाजूच्या उतरत्या कठड्यावर मला दगडांचे थर उताराला समांतर, म्हणजे साधारण ३० अंशांत कललेले दाखवायचे आहेत. कठड्यावर वापरण्याआधी चाचणी म्हणून मी विहिरीच्या भिंतीवरच रोटेशनची किंमत ३० अंशांएवढ्या रेडियनमध्ये दिली. त्यानंतर थर ३० अंशांपेक्षा कितीतरी जास्त चढलेले दिसू लागले, उभे सांधे मात्र जेमतेम कलले, आणि प्रत्येक आयताकृती दगड दोन टोके धरून ओढल्यासारखा समांतरभुज झाला. आश्चर्य म्हणजे हेच माप आणि हेच फिरवणे ब्लेंडरमध्ये केले असता दगड व्यवस्थित काटकोनात राहतात. संख्या त्याच असताना दोन ठिकाणी दोन निकाल येण्याचे कारण काय असावे?

उत्तर १ : उरेब (कराड)

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण दुसरीची मुळे तिथेच आहेत.

रिपीट, ऑफसेट आणि रोटेशन या नावांमुळे आपण चित्राला काहीतरी करत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात चित्राला कोणी हातही लावत नाही. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल रंगवताना ग्राफिक्स कार्ड पृष्ठभागाच्या त्या बिंदूचे यू-व्ही निर्देशक घेते, त्यांवर आपला मॅट्रिक्स (माप, फिरवणे आणि सरकवणे यांचे आकडे एकत्र मांडलेला तक्ता) चालवते आणि जो नवा पत्ता मिळेल तिथला रंग चित्रातून उचलून आणते. म्हणजे रूपांतर होते ते पत्त्याचे. एडविन कॅटमुल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातील प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र बसवण्याची पद्धत मांडली, त्यानंतर यंत्रे पार बदलली. तरी पृष्ठभागाकडून चित्राकडे जाऊन रंग विचारण्याची ही दिशा आजही रोजच्या वापरात आहे.

माझ्या वडिलांचे शिवणाचे दुकान असल्यामुळे मला ही गोष्ट बेताच्या कागदावरून पटली. टेबलावर चौकड्याचे कापड पसरलेले असते, ते जागचे हलत नाही. शिंपी त्याच्यावर बाहीचा कागद ठेवतो, सरकवतो, फिरवतो आणि मग खडूने आखून घेतो. आपली भिंत म्हणजे तो कागद आणि छायाचित्र म्हणजे ते कापड. कागद उजवीकडे सरकवला तर शिवलेल्या बाहीवर चौकडा डावीकडे गेलेला दिसतो. कागद डावीकडे कलता ठेवून उरेब कापले तर बाहीवरच्या रेघा उजवीकडे कलतात. आता कागदच चौपट मोठा केला आणि कापलेला तुकडा आटवून भिंतीच्या ठरलेल्या मापात बसवला, तर त्यात चौपट चौकडे आलेले असल्यामुळे प्रत्येक चौकडा पावपट दिसणार. रिपीट ४ केल्यावर दगड लहान होतात ते यामुळेच. आपण ०.२५ दिले तेव्हा कागद एवढा लहान झाला की त्याच्याखाली एकच दगड आला आणि तोच ताणून २० फुटांवर पसरला गेला.

आपले ओघळलेले पट्टे म्हणजे कागद कापडाच्या पन्ह्याबाहेर गेल्याचे लक्षण होय. पन्हा संपल्यावर काय करायचे हे रॅपिंग ठरवते, आणि थ्री.जेएसमध्ये काहीच सांगितले नाही तर काठाचाच रंग पुढे ओढला जातो.

ब्लेंडरच्या मॅपिंग नोडमध्ये, म्हणजे निर्देशकांचे रूपांतर ठरवणाऱ्या चौकटीत, ‘पॉइंट’ आणि ‘टेक्स्चर’ असे दोन प्रकार दिसतात, त्यांतला फरक हाच आहे. पहिला दिलेल्या संख्या निर्देशकांवर जशाच्या तशा लावतो, तर दुसरा त्यांचा व्यस्त लावतो, त्यामुळे दुसऱ्यात ४ लिहिले की चित्र खरोखर चौपट मोठे होते. आपण ब्लेंडरमध्ये यांपैकी कोणता प्रकार निवडला होता ते पाहून घ्यावे. नवशिक्याला हा नोड लहरी वाटतो. माझ्या मते सबंध ब्लेंडरमध्ये इतकी प्रामाणिक यादी दुसरी नाही, कारण तिने उलटसुलट काहीच लपवलेले नाही.

उत्तर २ : तिसरा_अक्ष (सातारा)

उरेब यांचे विवेचन मान्य आहे, परंतु त्यात एक भर घालणे आवश्यक वाटते. थ्री.जेएसमध्ये रिपीट आणि ऑफसेट पत्त्यावर सरळ लागतात, म्हणून त्यांचा परिणाम चित्रावर उलटा दिसतो. रोटेशनच्या बाबतीत मात्र ते उलटे करण्याचे काम त्या ग्रंथालयाने आतच उरकून टाकले आहे. तिथे धन कोन दिला तर चित्रच घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरते. एकाच वस्तूच्या तीन गुणधर्मांपैकी दोन पत्त्याच्या बाजूने आणि एक चित्राच्या बाजूने बोलतो, ही रचना मला तरी सुसंगत वाटत नाही. पण ती तशी आहे हे धरून चालावे लागते.

आता समांतरभुज दगडांकडे येऊ. दोष कोनाचा नसून क्रमाचा आहे. थ्री.जेएस निर्देशक आधी फिरवते, मग रिपीटने गुणते आणि शेवटी ऑफसेट मिळवते. ब्लेंडरचा मॅपिंग नोड ‘पॉइंट’ प्रकारात आधी गुणतो, मग फिरवतो आणि शेवटी सरकवतो. जीएलटीएफ या त्रिमितीय मॉडेलच्या फायलींसाठी टेक्स्चर-रूपांतराचा जो अधिकृत विस्तार आहे त्यातही हाच दुसरा क्रम ठरलेला आहे. यू आणि व्ही दोन्हींचा पट समान असता तर गुणणे आधी की फिरवणे आधी याने काही बिघडले नसते. आपला पट ४ आणि १२ असा असमान आहे, म्हणून बिघडले.

ब्लेंडरने दिलेल्या यू-व्ही जगात आपली भिंत हा १ बाय १ चा चौरस आहे, तर प्रत्यक्षात ती २० बाय ६० चा आयत आहे. या चौरसावर काटकोनी नक्षी ३० अंशांत फिरवायची आणि मग चौरस उभ्या दिशेने तिप्पट ताणायचा, असे आपल्याकडून नकळत घडले आहे. रबराच्या तुकड्यावर तिरका चौकोन काढून रबर ओढले तर त्याचे काटकोन टिकत नाहीत, हे कोणीही करून पाहू शकतो. आकड्यांत सांगायचे तर, भिंतीवर थरांचा चढ ३० अंशांच्या टॅन्जेन्टच्या तिप्पट होतो. ती किंमत १.७३२ येते आणि तो बरोबर ६० अंशांचा चढ आहे. उभ्या सांध्यांच्या बाबतीत याच्या उलट घडते. तिथे ३० अंशांच्या टॅन्जेन्टला ३ ने भागले जाते आणि कल जेमतेम ११ अंशांचा उरतो. थर आणि सांधे यांच्यातला ९० अंशांचा कोन त्यामुळे एका बाजूला सुमारे ४१ आणि दुसऱ्या बाजूला १३९ अंशांचा होतो. ‘कितीतरी जास्त चढलेले’ आणि ‘जेमतेम कललेले’ हे आपण लिहिलेले शब्द या आकड्यांशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे निदानाबद्दल मला शंका नाही.

यावर एक उपाय असा की मॅट्रिक्स स्वतः लिहावा. टेक्स्चरवरील मॅट्रिक्स-ऑटो-अपडेट बंद करावे आणि गुणून झाल्यावर फिरवणारा मॅट्रिक्स भरावा. आपल्या मापांसाठी तो असा येतो :

नवा यू = ३.४६४ × यू + ६ × व्ही
नवा व्ही = −२ × यू + १०.३९२ × व्ही

३० अंशांचा कोसाइन ०.८६६ आणि साइन ०.५ यांना ४ व १२ ने गुणून हे सहगुणक मिळाले आहेत. ते भरताना साइनचे चिन्ह चुकले तर दगड काटकोनात राहतील, पण थर उलट्या दिशेने उतरू लागतील.

मी स्वतः मात्र हा उपाय करणार नाही, कारण पुढे कठड्याचे माप बदलले की पुन्हा आकडेमोड करावी लागेल. ब्लेंडरमध्येच यू-व्ही असे उलगडावेत की एक एकक म्हणजे भिंतीवरचे ५ फूट होतील. मग २० फुटांच्या कडेला यू ० ते ४ जाईल आणि ६० फुटांच्या कडेला व्ही ० ते १२ जाईल. रिपीट दोन्ही दिशांना १ राहील, आणि रोटेशन कोणत्याही कोनाचे दिले तरी आकार मोडणार नाही. मापाचे काम भूमितीकडे आणि कलाचे काम टेक्स्चरकडे अशी वाटणी झाली की क्रमाचा प्रश्नच मिटतो.

तसेच फिरण्याचे केंद्रही तपासावे. सेंटर हा गुणधर्म मुळात (०, ०) असतो, म्हणजे चित्र डाव्या खालच्या कोपऱ्याभोवती फिरते. जुन्या मांडणीत तो (०.५, ०.५) केला तर फिरणे मध्याभोवती होईल, परंतु रिपीटसुद्धा त्याच केंद्रापासून मोजला जाईल आणि कडेचे दगड अर्धवट कापलेले दिसतील, याची तयारी ठेवावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : अजिंक्यतारा_पायथा

दोघांचेही आभार. मी फुटांच्या हिशोबाने यू-व्ही पुन्हा उलगडले आणि दगड काटकोनात आले. पडद्यावर कोनमापक ठेवून जुन्या चित्रातले थर मोजले, तेव्हा ते खरोखर ६० अंशांचे निघाले. ब्लेंडरमधला माझा नोड ‘पॉइंट’ प्रकारचाच होता.

परंतु यातून दोन नवीन अडचणी समोर आल्या आहेत. कठड्याच्या दगडांना उठाव यावा म्हणून मी नॉर्मल मॅपही (पृष्ठभागाचा बारीक चढउतार सांगणारे चित्र) लावला आहे. थर आता ३० अंशांत कलतात, पण प्रकाश फिरवला की सावल्या मात्र आडव्याच रेघांत पडतात. जणू तिरक्या दगडांच्या खाली दुसरी, आडव्या थरांची भिंत लपलेली आहे. शिवाय मी फक्त कठड्याचे रोटेशन बदलले असताना विहिरीच्या आठही भिंतींचे दगड फिरले.

या प्रश्नाशी थेट संबंध नसलेली आणखी एक गोष्ट विचारून घेते. विहिरीतले पाणी संथ हलताना दिसावे म्हणून मी पाण्याच्या टेक्स्चरचा ऑफसेट सेकंदाला ०.५ ने वाढवत नेते. महाविद्यालयातील प्रदर्शनात हे मॉडेल सकाळी ११ वाजता सुरू केले होते. संध्याकाळी ५ च्या सुमारास परीक्षक आले तेव्हा पाणी वाहण्याऐवजी ठेचकाळत होते, आणि पान पुन्हा उघडल्यावर ते आपोआप ठीक झाले. लॅपटॉप तापल्याचा हा परिणाम असू शकेल काय?

उत्तर ३ : पायरी_पायरीने (वाई)

आठही भिंती फिरण्याचे कारण साधे आहे. रोटेशन हा टेक्स्चरचा गुणधर्म आहे, भिंतीचा नव्हे, आणि आपण सगळीकडे एकच टेक्स्चर वस्तू वापरली असणार. कठड्यासाठी तिची क्लोन करून घ्यावी; चित्र दोघींत सामाईक राहते, रूपांतर तेवढे वेगळे होते.

नॉर्मल मॅपबाबत दोन शक्यता आहेत. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून पहिलीच खरी वाटते : थ्री.जेएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत रंगाचे चित्र, नॉर्मल मॅप, खडबडीतपणाचे चित्र अशा प्रत्येकाचे रूपांतर स्वतंत्र असते. आपण रंग फिरवला आणि उठाव तसाच ठेवला. दोन्हींना एकच रोटेशन द्यावे म्हणजे खालची आडवी भिंत नाहीशी होईल.

ते केल्यावरही सावल्या दगडाच्या चुकीच्या कडेला पडत असतील तर दुसरी शक्यता पाहावी, आणि ती जरा खोल आहे. नॉर्मल मॅपमध्ये रंग साठवलेले नसतात, दिशा साठवलेल्या असतात. लाल घटक म्हणजे त्या ठिकाणी पृष्ठभाग यूच्या दिशेने किती कलला आहे याची नोंद. चित्र ३० अंशांत फिरले की ‘यूची दिशा’ म्हणजे भिंतीवरची कोणती दिशा हेही ३० अंशांनी बदलले पाहिजे. मॉडेलच्या फायलीत टॅन्जेन्ट (यूच्या दिशेची आधीच साठवलेली नोंद) नसतील तर थ्री.जेएस ही दिशा शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फिरवलेल्या निर्देशकांवरूनच काढते आणि हिशोब जुळतो. परंतु ब्लेंडरमधून निर्यात करताना टॅन्जेन्टचा पर्याय चालू राहिला असेल, तर फायलीत मूळ, न फिरवलेल्या यूच्या दिशा गोठलेल्या असतात; मग प्रकाश डावीकडून टाकला तरी दगड ३० अंश सरकलेल्या दिशेने उजळल्यासारखे दिसतात. आपल्या कामासाठी टॅन्जेन्टशिवाय निर्यात करणे पुरेसे आहे.

पाण्याच्या बाबतीत लॅपटॉपला दोष देऊ नये. ११ ते ५ म्हणजे २१,६०० सेकंद, आणि सेकंदाला ०.५ प्रमाणे ऑफसेट १०,८०० झाला. जावास्क्रिप्टमध्ये ही संख्या पुरेशा अचूकतेने राहते, पण ग्राफिक्स कार्डाकडे जाताना ती ३२ बिटांची होते. ३२ बिटांत पूर्णांक आणि अपूर्णांक मिळून २४ द्विमान अंकांचीच जागा असल्यामुळे, ८,१९२ ते १६,३८४ या टप्प्यातल्या लगतच्या दोन संख्यांमध्ये १/१०२४ एवढे अंतर पडते. २०४८ पिक्सेलच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे १/२०४८. पाण्याचे चित्रही याच मापाचे असेल तर संध्याकाळपर्यंत ते एका वेळी दोन पिक्सेलांची उडी मारत होते, त्याहून बारीक सरकणे त्याला शक्यच नव्हते. पान पुन्हा उघडल्यावर ऑफसेट ० पासून सुरू झाला, म्हणून ते सुधारले.

चित्र आवर्ती असल्याने ऑफसेटमधून १ वजा केला तर दिसण्यात काहीच फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमला जावास्क्रिप्टमध्येच ऑफसेटला १ ने भागून बाकी तेवढी ठेवावी. थ्री.जेएसमध्ये ऑफसेट सर्वांत शेवटी मिळवला जात असल्यामुळे, रिपीट आणि रोटेशन काहीही असले तरी हे चालते. तिसरा_अक्ष यांच्यासारखा स्वतःचा मॅट्रिक्स कोणी लिहिला आणि त्यात सरकवणे गुणण्याच्या आधी ठेवले, तर मात्र १ वजा केल्यावर पाणी झटका खाऊ शकेल.

हेच काम शेडरमध्ये निर्देशकांचा अपूर्णांक काढून करण्याचा मोह होतो, तो टाळावा. मी तसे केले होते आणि पाण्यावर प्रत्येक चौरसाच्या सीमेवर केसाएवढी अंधुक रेघ उमटली होती. दोन दिवस मी ती चित्राच्या कडेतच शोधत बसलो. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या मिपमॅप पद्धतीत चित्राच्या निम्म्या निम्म्या होत जाणाऱ्या प्रती आधीच तयार ठेवलेल्या असतात, त्यांना मूळ चित्राच्या एक तृतीयांश इतकीच जादा जागा लागते, आणि कोणती प्रत वापरायची हे शेजारच्या पिक्सेलांच्या पत्त्यांतल्या फरकावरून ठरते. अपूर्णांक काढला की सीमेवर एका पिक्सेलचा पत्ता ०.९९९ आणि शेजारच्याचा ०.००१ येतो. ग्राफिक्स कार्डाला वाटते की एवढ्याशा अंतरात अख्खे चित्र सामावले आहे, आणि ते तिथे सर्वांत लहान प्रतीचा सरासरी रंग भरते.

ही मिपमॅपची बाब आपल्या ६० फुटी भिंतींनाही लागू आहे. काठावरून खाली पाहताना खालचे थर एकतर चमचमतील किंवा चिखलासारखे मिसळतील. चमचमत असतील तर मिपमॅप बंद आहेत. मिसळत असतील तर टेक्स्चरची अ‍ॅनिसोट्रॉपी (तिरकस दिसणाऱ्या चित्राची स्पष्टता राखणारी किंमत) १ वरून ८ करून पाहावी, कारण तिरकस नजरेला उभी दिशा आडव्या दिशेपेक्षा फार जास्त आक्रसलेली असते आणि साधे मिपमॅप दोन्ही दिशांना सारखेच पुसट करतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : अजिंक्यतारा_पायथा

नॉर्मल मॅपला स्वतंत्र रोटेशन द्यायचेच राहिले होते, ते दिले. निर्यातीत टॅन्जेन्टचा पर्यायही चालू निघाला, तो बंद केल्यावर सावल्या योग्य कडेला आल्या. अ‍ॅनिसोट्रॉपी ८ केल्यावर पाण्याजवळचे थर काठावरूनही वेगवेगळे मोजता येतात. पाण्याचा ऑफसेट मुद्दाम १०,८०० पासून सुरू करून पाहिला, तर पहिल्या सेकंदापासून तीच ठेच दिसली. बाकी काढण्याची ओळ घातल्यावर ती थांबली. पुढच्या आठवड्यात लिंबला जाऊन कठड्याचा उतार प्रत्यक्ष मोजणार आहे, कारण ३० अंश हा माझा निव्वळ अंदाज होता.